बिनतारी संवेदकांचे जाळे आणि पावसाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शिवारात किती पाऊस झाला, हा प्रश्न केवळ हवामानशास्त्राचा राहिलेला नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली, तर तेथे अतिवृष्टी झाल्याचे मानले जाते. नुकसानभरपाईच्या निर्णयात या नोंदीला मोठे महत्त्व असते. ती घेण्यासाठी राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली.

मात्र एका मंडळात अनेक गावे असतात. केंद्राजवळ ६० मिलिमीटर आणि चार कोसांवर ९० मिलिमीटर पाऊस झाला, तर सोयाबीन पाण्याखाली जाऊनही कागदोपत्री अतिवृष्टी ठरत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे बिनतारी संवेदकांचे दाट जाळे.

अशा जाळ्यातील प्रत्येक घटकात संवेदक, लहानसा प्रक्रियक, रेडिओ संच आणि बॅटरी असते. एक घटक आपली नोंद शेजारच्या घटकाकडे सोपवतो. अशी हातोहात ती मुख्य केंद्रापर्यंत पोहोचते. त्यामुळे प्रत्येक घटकाला स्वतंत्र मोबाइल जोडणीची गरज भासत नाही. मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या द्राक्षबागेत या तंत्राचा प्रयोग केला होता. जमिनीतील ओल व पानांवरील ओलावा कळला, तर पाणी केव्हा द्यावे आणि केवड्यासारख्या रोगाचा धोका कधी आहे, याचा अंदाज बांधता येतो.

तंत्रज्ञानापुढील अडचणीही कमी नाहीत. सर्वाधिक ऊर्जा खर्च होते ती संदेश पाठवण्यात. म्हणून घटक बहुतांश वेळ निद्रावस्थेत ठेवावे लागतात. दाट, ओल्या पिकांतून रेडिओ लहरी क्षीण होतात. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला, तर नोंद कमी येते. मधला एखादा घटक बंद पडल्यास संदेशाला पर्यायी वाट शोधावी लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा व भूम तालुक्यांत पुराने हाहाकार माजवला. अशा वेळी वीज आणि मोबाइल मनोरे बंद पडण्याची शक्यता असते, आणि नोंदींची गरजही तेव्हाच सर्वाधिक असते. म्हणून घटकातच नोंद साठवण्याची सोय अत्यावश्यक ठरते.

केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र यंत्रे बसवण्याइतकीच त्यांची साफसफाई व नियमित तपासणी महत्त्वाची आहे. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचा हंगाम तोलला जातो, तो आकडा विश्वासार्ह असलाच पाहिजे.