बोधनविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण: समज आणि वस्तुस्थिती

माणूस पाहतो, आठवतो, ऐकलेले समजून घेतो आणि निर्णय घेतो ते नेमके कसे, याचा शोध घेणाऱ्या शास्त्राला कॉग्निटिव्ह सायन्स किंवा बोधनविज्ञान म्हणतात. मात्र त्यातील एम.एस्सी. म्हणजे मानसशास्त्राचेच नवे आणि काहीसे भारदस्त नाव, असे अनेकांना वाटते. विषयाचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत माहिती-सिद्धान्तावर परिसंवाद भरला, तेव्हा स्मृतीच्या मर्यादा मोजणारे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, व्याकरणाची गणिती मांडणी करणारे नोम चॉम्स्की आणि तर्कशास्त्रातील प्रमेये संगणकाकडून सिद्ध करून घेणारे ॲलन न्यूएल व हर्बर्ट सायमन यांनी तेथे आपापले निबंध वाचले, आणि मन ही माहितीवर प्रक्रिया करणारी व्यवस्था मानली तर या सर्वांचा प्रश्न एकच ठरतो, ही जाणीव त्यातून बळावली. पुढे तत्त्वज्ञान, मानवशास्त्र आणि मेंदूविज्ञान हेही या विषयाचे भागीदार झाले.

ही पदवी समुपदेशनाचा किंवा उपचाराचा परवानाही नव्हे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

दुसरा समज मेंदूच्या रंगीत चित्रांनी रुजवला आहे. एफएमआरआय हे यंत्र विचार टिपत नाही, चेतापेशींचे संदेशही टिपत नाही. ते रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात होणारा बदल मोजते, आणि चेतापेशींचे काम हजारांश सेकंदांत चालत असताना हा बदल शिगेला पोहोचायला सुमारे पाच सेकंद लागतात. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी या यंत्रात मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली', आणि हजारो तुलना एकाच वेळी केल्यास आवश्यक ठरणारी सांख्यिकी दुरुस्ती टाळली तर त्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते, हे सप्रमाण मांडले. संख्याशास्त्राला अभ्यासक्रमात मानाचे स्थान का, याचे याहून बोलके उत्तर सापडणे कठीण.

प्रत्यक्षात पुष्कळसे संशोधन संगणकाचा पडदा, कळ दाबायला लागलेला वेळ आणि नजरेचा मागोवा घेणारा कॅमेरा एवढ्यावर चालते. देवनागरीतील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम असा उलटा पडल्याने वाचकावर भार पडतो का, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर प्रयोग करून २००२ मध्ये तपासले, तेव्हा तो पडतो असे दिसले. हाच प्रयोग मराठीत करायचा तर हिंदीची शब्दयादी उचलून चालणार नाही, कारण हिंदीत 'शक्ति' असा लिहिला जाणारा शब्द मराठी शुद्धलेखनाच्या नियमाने 'शक्ती' होतो आणि शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व वेलांटी 'आणि'सारख्या मोजक्याच शब्दांत उरते. शिवाय निवडलेल्या शब्दांची लांबी आणि वापरातील वारंवारता सारखी राखावी लागते, अन्यथा वेळेतील फरक वेलांटीमुळे पडला की शब्द अपरिचित असल्यामुळे, हे सांगता येत नाही. 'वाचन कसे घडते' या ऐसपैस प्रश्नाला मोजता येईल अशा एका फरकापर्यंत आणून सोडणे, हेच या पदव्युत्तर शिक्षणातील खरे कसब होय.

हा विषय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची पाठशाळा, असा समज अलीकडे बळावला आहे. त्यात अर्धे तथ्य आहे, कारण संगणकीय प्रारूपे येथे शिकवली जातात, पण यंत्राने योग्य उत्तर देणे पुरेसे मानले जात नाही, तर ते माणसासारखेच चुकते का, हेही पाहिले जाते.

केवळ अभियंते आणि विज्ञान शाखेचे पदवीधरच येथे टिकतात, हेही खरे नाही. अलाहाबाद विद्यापीठातील २००२ मध्ये स्थापन झालेले केंद्र, हैदराबाद विद्यापीठ आणि गांधीनगर, कानपूर, दिल्ली येथील आयआयटी अशा ठिकाणी हा विषय शिकता येतो, आणि भाषाशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकून आलेल्यांनाही त्यात वाव असतो. त्यांना आज्ञावली लिहिणे आणि संख्याशास्त्र नव्याने शिकावे लागते, हे खरे. मात्र आज्ञावली सहज लिहिणाऱ्या अभियंत्यालाही 'शब्द' म्हणजे नेमके काय, हे प्रयोगापुरते ठरवताना भाषाशास्त्राचे पुस्तक उघडावेच लागते.