वनमार्ग आणि वृक्षांचे नैसर्गिक पुनर्जनन

वनात पडलेल्या बीजांपासून किंवा खोडा-मुळांच्या धुमाऱ्यांपासून, लागवड न करता, नवीन वृक्ष तयार होण्याच्या क्रियेस नैसर्गिक पुनर्जनन म्हणतात. वनातून रस्ता काढल्याने या क्रियेची गती आणि तीतून घडणाऱ्या वृक्षसमूहाची रचना ही दोन्ही बदलतात. रस्त्याने प्रत्यक्ष व्यापलेली भूमी अल्प असली, तरी त्याचा प्रभाव दोन्ही बाजूंच्या वनात आतपर्यंत पोहोचतो.

सीमान्त परिणाम : रस्त्यामुळे वृक्षच्छत्र खंडित होऊन सूर्यप्रकाश, उष्णता व वारा आत शिरतात, हवेतील व पालापाचोळ्यातील ओलावा घटतो. प्रकाशप्रिय जातींना ही स्थिती मानवते. सह्याद्रीत अशा मोकळ्या कडेला चांदाडा लवकर वाढतो, तर सावलीत रुजणाऱ्या सदापर्णी वृक्षांची कोवळी रोपे सुकून जातात. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९ साली सुरू झालेल्या वनखंडांच्या दीर्घकालीन अभ्यासात कडेपासून सु. १०० मी. अंतरापर्यंत वृक्षमृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. ते वनखंड कुरणांनी वेढलेले असल्याने अरुंद रस्त्याचा परिणाम तेवढाच असेल असे नाही. रस्त्याची रुंदी, वनाचा प्रकार व छत्राची उंची यांनुसार तो बदलतो.

मृदा व तण : यंत्रांच्या दाबाने माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि मुळे खोल जात नाहीत. भरावामुळे काही ठिकाणी पाणी तुंबते, तर गटारांमुळे काही ठिकाणी माती वाहून जाते. वाहनांबरोबर व भरावाच्या मातीतून तणांचे बी येते. मूळच्या अमेरिकेतील घाणेरी व रानमोडी यांची दाट जाळी कडेला माजल्यास वृक्षांची रोपे त्यांखाली दबतात. उन्हाळ्यात वणव्याचा धोकाही वाढतो.

बीजप्रसार : मोठ्या बियांच्या अनेक वृक्षांचा प्रसार धनेशासारख्या फळे खाणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून असतो. रस्त्यामुळे शिकार व वर्दळ वाढून हे प्राणी घटले, तर मातृवृक्ष उभे असूनही त्यांची संतती दूरवर पसरत नाही. त्यांची उणीव तत्काळ जाणवत नाही. जुने वृक्ष कोसळल्यावर त्यांची जागा घेणारे कोणी नसते, तेव्हा ती उघड होते.

मूल्यमापन व उपाय : रस्त्याकडेला रोपांची संख्या पुष्कळदा अधिक भरते; परंतु ती थोड्याच जातींची असू शकतात. म्हणून केवळ संख्येवरून पुनर्जनन समाधानकारक ठरविणे दिशाभूल करणारे असते. जाती व रोपांच्या उंचीचे वर्ग नोंदवून रस्त्यालगतच्या व आतील वनाची तुलना करणे आवश्यक ठरते. रस्ता अरुंद ठेवून वर छत्र जुळू देणे, पुरेशा मोऱ्या बांधणे, तण वेळीच उपटणे आणि अनावश्यक मार्ग बंद करून त्यांची घट्ट माती मोकळी करणे, हे प्रमुख उपाय होत. तथापि अखंड वनातून नवा रस्ता टाळणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय होय.