चष्मा गेला, आता आकाशातून उडी मारायची?

शीतल महाजन यांनी २००४ च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उडी घेतली, २००६ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुवावर. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उतरल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवर हेलिकॉप्टरमधून झेपावल्या. पुण्याच्या या बाईंमुळे स्कायडायव्हिंग हा शब्द मराठी घरांत परका राहिला नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात उडी मारायला मैदान नाही, पण वसमत, कळमनुरी, सेनगावची मुलंमुली पुण्याला, हैदराबादला शिकायला आणि नोकरीला जातात. पहिल्या एक-दोन वर्षांच्या पगारातून लॅसिक करून चष्मा काढतात आणि मग मित्रांबरोबर टँडम उडीचं बुकिंग करतात. टँडम म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधून घेऊन मारलेली उडी. दुसरीकडे, भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या मनात लष्कराची पॅरा रेजिमेंट असते. दोघांच्या घरी प्रश्न एकच: लेझर केलेल्या डोळ्यांनी आकाशातून उडी मारली तर चालते का?

बहुतेकांना चालते. अडचण अशी की लोक ज्या गोष्टींना घाबरतात त्या फारशा धोक्याच्या नाहीत आणि ज्या धोक्याच्या आहेत त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

गैरसमज : लेझर म्हणजे लेझर, सगळी सारखीच

आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही ‘लेझरनं केलं’ म्हणतात, मधुमेहात पडद्यावर लेझर मारतात त्यालाही आणि चष्म्याचा नंबर काढतात त्यालाही. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा होणार आहे, तिथेही चार-चार किलोमीटरच्या नळ्यांतून लेझरच धावणार आहे. चष्म्याचा नंबर काढणारा एक्सायमर लेझर या सगळ्यांपेक्षा वेगळा असतो. त्याची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, म्हणजे तो अतिनील किरणांतला. तो डोळ्यात खोल शिरतच नाही. बुबुळावरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे कॉर्नियाचा, मायक्रॉनहून पातळ अंश एका झोतात उडवतो आणि तिथेच संपतो. आतला पडदा भाजतो ही भीती त्यामुळे निराधार आहे.

नंबर काढण्याच्याही तीन मुख्य पद्धती आहेत. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, फ्लॅप, झाकणासारखा उचलतात, खाली लेझर मारतात आणि तो परत बसवतात. पीआरकेमध्ये पापुद्रा कापतच नाहीत. वरची त्वचा खरवडून लेझर मारतात आणि ती नव्याने भरून येते. स्माइलमध्ये वेगळ्या लेझरनं आतली पातळ चकती कापून ती काही मिलिमीटरच्या चिरेतून काढून घेतात. आपलं नेमकं काय झालं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड जपून ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

गैरसमज : वाऱ्यानं डोळ्यातला पापुद्रा उडून जातो

ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ती अगदीच हवेतली नाही. साधारण दहा हजार फुटांवरून उडी मारली की माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. पॅराशूट उघडेपर्यंतचा अर्धा-पाऊण मिनिट समोरून येणारा वारा उघड्या डोळ्याला सहन होत नाही. लॅसिक झालेलं असो वा नसो.

पापुद्र्याचं गणित असं आहे. कॉर्निया मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असतो, सुमारे ५४० मायक्रॉन. पापुद्रा त्यातला शंभर-सव्वाशे मायक्रॉन. तो टाके न घालता बसवतात. डोळ्याच्या आतल्या बाजूच्या पेशी सतत पाणी ओढून घेत असतात, त्या ओढीनं तो पहिल्या काही तासांत चिकटतो. दोन-तीन दिवसांत कडेनं त्वचा भरते आणि पुढच्या आठवड्यांत कडेचा जोड पक्का होत जातो. मधला भाग मात्र मूळ कॉर्नियाइतका कधीच एकजीव होत नाही. हे डॉक्टर सांगतात, पण चष्मा निघाल्याच्या आनंदात ते कुणी ऐकत नाही.

तरी वाऱ्यानं तो उचलला जात नाही. अमेरिकेत सशांच्या डोळ्यांवर लॅसिक करून त्यांना लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटच्या चाचणीत बसवलं होतं. गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट झटका देऊनही पापुद्रा जागचा हलला नाही, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नासानं २००७ पासून लॅसिक आणि पीआरके झालेल्या उमेदवारांना अंतराळवीर निवडीत परवानगी दिली. पॅराशूट उघडतानाचा झटका सहसा त्या नऊपट झटक्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

पापुद्रा सरकल्याच्या ज्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, त्यांत कारणं वेगळीच आहेत. कुणाच्या डोळ्यात बोट गेलं, कुणाला झाडाची फांदी लागली, कुणाच्या तोंडावर गाडीची एअरबॅग उघडली. काही घटना तर ऑपरेशननंतर दहा-दहा वर्षांनी घडल्या आहेत. धोका आहे तो तिरक्या, टोकदार घावाचा.

म्हणूनच मला उडीपेक्षा आपल्या शेताची जास्त काळजी वाटते. सोयाबीनच्या मळणीत यंत्रातून उडणारा भुसा, हळद पॉलिश करताना भरून राहणारी पिवळी धूळ, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीची काडी, बैलाची शेपटी आणि हेल्मेटची काच वर करून चाळीस-पन्नास किलोमीटर चालवलेली मोटारसायकल. हे सगळं चेहऱ्याच्या उंचीवर, डोळ्यांच्या समोर असतं. सुट्टीत गावी यायचं आणि डोळ्याला अजून आठवडा झाला नसताना मळणीला उभं राहायचं, हे आकाशातून उडी मारण्यापेक्षा जोखमीचं आहे. त्यात ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे ड्रॉप चालू असतात. अशा डोळ्याला काडीकचरा लागला तर बुरशीचा संसर्ग फार लवकर फोफावतो आणि तो बरा झाला तरी डोळ्यात फूल राहू शकतं. घरात कुणाचं लॅसिक झालं असेल तर साधा पारदर्शक सुरक्षा-गॉगल खळ्यावर ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

उडीच्या वेळीही लक्ष द्यायचं ते गॉगलकडे. तो घालताना एक गोष्ट नीट बघा. कडेचा रबर किंवा फोम नाकाच्या दोन्ही बाजूंना, जिथे डोळ्याच्या कोपऱ्यात खोलगट भाग असतो, तिथे पूर्ण टेकला पाहिजे. फट राहते ती तिथेच. त्या फटीतून वारा शिरला की गॉगल थरथरतो, वर सरकतो आणि माणूस सहजच हातानं तो दाबायला जातो. ताशी दोनशेच्या वेगात हातमोज्यातलं बोट डोळ्याजवळ नेणं, हाच या खेळातला पापुद्र्याला असलेला सर्वांत खरा धोका आहे. म्हणून विमानात बसण्याआधी पट्टा घट्ट करून घ्या, मान चारी बाजूंना हलवून बघा आणि प्रशिक्षकाला स्वतःहून सांगा, ‘माझं लॅसिक झालंय.’ तो पट्टा पुन्हा तपासेल. खाली उतरल्यावर डोळे चुरचुरले तरी चोळायचे नाहीत. प्रिझर्वेटिव्ह नसलेले ओलाव्याचे ड्रॉप खिशात ठेवावेत. लॅसिकनंतर पहिले तीन ते सहा महिने डोळे कोरडे पडणं अगदी नेहमीचं असतं.

गैरसमज : उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे लेझर केलेला डोळा अधू होतो

ही समजूत एका खऱ्या घटनेवरून पसरली आहे. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर मोठी दुर्घटना झाली. त्या चढाईत बेक वेदर्स हे अमेरिकन डॉक्टर होते. शिखराच्या वाटेवर त्यांना दिसेनासं झालं आणि ते एका जागी थांबून राहिले. पुढे वादळात सापडून त्यांचे हात आणि नाक हिमदंशानं गेलं, जीव कसाबसा वाचला. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं हे खरं, पण ते लेझरचं नव्हतं. ते आरके होतं: कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या खोल चिरा देऊन नंबर काढायची जुनी पद्धत. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळाला की कॉर्निया सुजतो. चिरा असलेला कॉर्निया सुजताना आकार बदलतो आणि नजर धूसर होते.

लॅसिक आणि पीआरके झालेल्या डोळ्यांत असा मोठा बदल होत नाही. शिवाय हा बदल व्हायला उंचीवर बरेच तास राहावं लागतं. टँडम उडीत विमान वर जाऊन माणूस खाली येईपर्यंतचा वेळ त्यामानानं फार थोडा. मात्र ज्यांचं आरके झालेलं आहे, अशांनी, आणि ते बहुतेक आता पन्नाशीच्या पुढचे असतील, उडीचा नाद सोडलेला बरा. त्या चिरा आयुष्यभर कच्च्याच राहतात आणि जोराचा मुका मार बसला तर उसवू शकतात.

गैरसमज : नंबर गेला म्हणजे डोळा नॉर्मल झाला

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दल.

मायनस नंबर असतो कारण डोळ्याचा गोळा मागेपुढे लांब वाढलेला असतो. लेझर पुढच्या काचेला, म्हणजे कॉर्नियाला, चपटं करतो आणि प्रतिमा पडद्यावर नीट पडते. गोळ्याची लांबी तेवढीच राहते. त्या लांब गोळ्यात पडदा ताणलेला असतो, कडेला पातळ झालेला असतो, कधी तिथे बारीक छिद्रंही असतात. मायनस सहाचा माणूस लॅसिकनंतर चष्म्याशिवाय फिरतो, पण पडदा सरकण्याची त्याची जोखीम मायनस सहाचीच राहते. झटके, डोक्याला बसणारे हिसके आणि आपटून उतरणं यांचा विचार करायचा तो या पडद्यासाठी.

म्हणून उडीआधी, लॅसिक कितीही जुनं असलं तरी, ड्रॉप टाकून बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घ्यावा. नुसता नंबर तपासून हे कळत नाही. कडेला छिद्र किंवा पातळ जागा दिसली तर डॉक्टर तिच्याभोवती लेझरनं बंदिस्ती करतात. ते बाह्यरुग्ण विभागात होतं आणि त्यानंतर किती थांबायचं ते तेच सांगतात. तपासणीनंतर काही तास जवळचं नीट दिसत नाही, उजेड सहन होत नाही, म्हणून परत येताना गाडी दुसऱ्यानं चालवावी.

ज्यांच्या डोळ्यात पडद्याच्या ऑपरेशनवेळी गॅस भरलेला आहे, त्यांना मात्र विमान आणि उडी दोन्ही बंद. उंचीवर बाहेरचा दाब उतरतो, आतला गॅस फुगतो, डोळ्याचा दाब भयंकर वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. गॅस कोणता यावर तो दोन आठवडे ते दोन महिने टिकतो. अशा माणसानं घाट चढायलाही डॉक्टरांना विचारूनच निघावं.

गैरसमज : दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतं, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात उडी चालेल

दिसणं आणि भरून येणं या वेगळ्या गोष्टी. अमेरिकेची औषध नियामक संस्था लॅसिकनंतर मारामारी-धक्काबुक्कीच्या खेळांना किमान चार आठवडे थांबा म्हणते, जलतरण तलावाला एक ते दोन महिने. उडीसाठी चार आठवडे ही कमीत कमी मर्यादा समजावी. माझं मत विचाराल तर तीन महिने थांबावं, कारण तोवर कोरडेपणाही बराच ओसरतो आणि नंबर स्थिरावतो. पीआरकेमध्ये पापुद्र्याची भीती नसते, पण नजर स्थिरावायला जास्त वेळ लागतो आणि उन्हात धुरकटपणा येण्याची शक्यता असल्यानं काही महिने काळा चष्मा लागतो. ड्रॉप चालू असताना तपासण्या चुकवू नयेत, आणि औषध दुकानातून तीच स्टेरॉइडची बाटली परस्पर पुन्हा आणू नये; त्यानं डोळ्याचा दाब वाढतो आणि तो वाढलेला जाणवत नाही.

गैरसमज : भरतीसाठी अठरा पूर्ण होताच लेझर करून टाकावं, कुणाला कळत नाही

यात मुलांचं खरं नुकसान होतं. हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत लॅसिकला सरसकट बंदी नाही, पण अटी आहेत: ऑपरेशन वयाच्या वीस वर्षांआधी झालेलं नसावं, त्याला किमान बारा महिने झालेले असावेत, नंतर कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, आधीचा नंबर सहाच्या पुढे नसावा. आरके झालेलं चालतच नाही. म्हणजे घरच्यांनी कौतुकानं अठराव्या वर्षी केलेलं ऑपरेशनच त्या मुलाला अपात्र ठरवू शकतं. प्रत्येक दलाचे, प्रत्येक पदाचे निकष वेगळे असतात आणि बदलतात. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलची स्वप्नं पाहणाऱ्यानं चालू जाहिरातीतलं वैद्यकीय कलम वाचून, तो कागद हातात घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. आणि लपवता येईल या भ्रमात राहू नये. पापुद्र्याची गोल कड स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, वर्षानुवर्षं दिसते, आणि कॉर्नियाच्या नकाशावर चपटा झालेला मध्यभाग लगेच उमटतो.

चाळिशी आलेल्यांसाठी एक बारीक गोष्ट. काहींना एक डोळा लांबचा आणि एक जवळचा अशा पद्धतीनं लेझर केलेलं असतं. टँडममध्ये त्यानं बिघडत नाही. एकट्यानं उडी मारायला शिकणाऱ्याला मात्र मनगटावरचा उंचीमापक वाचायचा असतो आणि खालच्या जमिनीचं अंतरही जोखायचं असतं. त्यानं प्रशिक्षकाला हे पहिल्याच दिवशी सांगावं.

उडी झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं वाटलं, अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. पडदा सरकताना दुखत नसतं. त्याच दिवशी रेटिनाच्या, म्हणजे पडद्याच्या, डॉक्टरांकडे, नांदेडला किंवा जिथे सोय असेल तिथे, निघा. आणि एकाएकी धूसर दिसून डोळ्यातून घळाघळा पाणी आणि कळ येऊ लागली, तर पापुद्रा हललेला असू शकतो, तेव्हा डोळा न चोळता वर कडक आवरण लावून तितक्याच तातडीनं लॅसिक करणाऱ्या डॉक्टरांना गाठा. पहिल्या काही तासांत तो उचलून, धुऊन परत बसवता येतो.