दोन खणांचे घर आणि कागदांची पेटी

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे वस्तीतले लोक दोनदा येतात. पहिल्यांदा पेढे घेऊन येतात. पंधरा दिवसांनी तेच लोक उतरल्या चेहऱ्याने येतात आणि म्हणतात, "भाऊ, सासऱ्याचा शाळेचा दाखला घरातच होता, पण सापडून नाही राहिला." मग आम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी जातो. गादीखाली, तांदळाच्या डब्यात, तसबिरीच्या मागे, लग्नातल्या सुटकेसमध्ये शोधाशोध सुरू होते. आम्ही नोकरीने कारकून. कागद शोधणे हे आमचे रोजचेच काम. पण कचेरीतला कागद क्रमांकावरून सापडतो, घरातला कागद मात्र आठवणीवर शोधावा लागतो, आणि घाईच्या वेळी आठवण नेमकी दगा देते.

म्हणून या खेपेला कुटुंबाच्या पानावर घरातील सामानाच्या मांडणीविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. मोठ्या मासिकांत असे लेख येतात, ते आम्हीही वाचतो. भिंतभर कपाटे, पलंगाखाली खण, कपड्यांसाठी वेगळी खोली! वाचायला बरे वाटते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील वस्त्यांमध्ये घर म्हणजे बहुधा दोन खण आणि पुढे ओसरी. सरकारी घरकुलाचे माप पाहा. इंदिरा आवासचे घर 20 चौरस मीटरचे, म्हणजे 215 चौरस फुटांचे होते. आताच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फुटांचे. रमाई आवासचे मापही त्याच आसपासचे. एवढ्या जागेत सहा माणसे, वर्षाची ज्वारी-गहू, तुरीची डाळ, गोधड्या, फवारणीचा पंप, मुलांची दप्तरे आणि पाहुणा आला तर त्याची पिशवी, हे सगळे मावले पाहिजे.

आमच्या आजीच्या कुडाच्या घरात हे मावत असे, कारण ते घर भिंतींनी आणि आढ्याने सामान धरीत होते. कोनाड्यात चिमणी, खुंटीला पिशव्या, आढ्याला शिंके, वळणीवर गोधड्या, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. जमीन माणसांना बसायला मोकळी राही. विटा-सिमेंटचे घरकुल आले आणि कोनाडा गेला, खुंटी गेली. सपाट भिंतीत खिळा ठोकला तर गिलावा पडतो म्हणून बायका खिळाही ठोकू देत नाहीत. साहजिकच सगळे सामान जमिनीवर आले आणि माणसे दारात बसू लागली.

ज्यांचे घरकुल अजून बांधायचे आहे त्यांनी एवढे करावे. भिंत चढत असतानाच मिस्त्रीला सांगून स्वयंपाकाच्या बाजूला कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे तीन-चार कप्पे भिंतीत धरून घ्यावेत. दगडाला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. दाराच्या उंचीच्या वर दीड-दोन फूट रुंदीचा माळा काढून घ्यावा. गोधड्या, सणावाराची मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या तिथे जातात. गिलावा झाल्यावर हेच काम काढले तर फोडाफोडीची मजुरी वेगळी पडते. बांधून झालेल्या घरात लोखंडी अँगलवर फळी टाकता येते. फळीच्या कडेला जुन्या साडीचा काठ चुण्या घालून लावला की खालचे डबे झाकले जातात आणि खोलीला शोभा येते. आमच्या शेजारच्या एका भगिनीने गोड्या तेलाचे 15 किलोचे रिकामे पत्र्याचे डबे घासून, एकाच निळ्या रंगाने रंगवून ओळीने मांडले आहेत. प्रत्येकावर तिच्या पाचवीतल्या मुलीने खडूने नाव लिहिले आहे. बाजारातल्या प्लास्टिकच्या बरण्यांपेक्षा आम्हाला ती ओळ अधिक देखणी वाटते. डाळ संपली की मुलगी नाव पुसून तिथे 'पोहे' लिहिते.

शेगडी आणि सिलिंडरचे मात्र शोभेवर जाऊ नये. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर, आणि दोहोंच्या वर लोंबणारे पडदे-टॉवेल नकोत. आमच्या घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे उन्हाळ्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर औषधाच्या गोळ्या ठेवू नयेत, त्या भट्टीत ठेवल्यासारख्याच होतात.

धान्य भरताना घाई करू नये. दाणा दाताखाली कटकन फुटला तर वाळला असे समजावे. दबला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. कोठीत सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला घालावा. पोते थेट फरशीवर टेकवू नये, खाली लाकडी फळ्या किंवा विटा घालून भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे. ओल भिंतीतूनच येते आणि उंदीरही त्याच फटीतून फिरतो. पोत्यात टाकायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत वापरू नयेत. त्यांचा वायू माणसालाही मारतो.

फवारणीच्या औषधाबद्दल जरा कडक बोलणे भाग आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते. हे विष आपल्या वस्तीत घरोघर आहे आणि बहुधा खाटेखाली किंवा मिठाच्या बरणीशेजारी आहे. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणारे घर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. औषध मूळ बाटलीतच ठेवावे, घराबाहेर, कुलूप लागेल अशा खोक्यात, मुलाच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर. जागा नसेल तर मालकाकडेच ठेवून यावे.

आता पुढच्या खोलीकडे येऊ. हल्ली हप्त्याने घेतलेला काचेचा शोकेस घरोघर दिसतो. त्यात कपबश्यांचा सेट, प्लास्टिकची फुले, लग्नात आलेले आहेराचे स्टीलचे डबे. मुलाची पुस्तके मात्र खताच्या पिशवीत, खाटेखाली. आम्ही कोणाची हौस मोडू इच्छित नाही. पण त्या शोकेसचा मधला एक कप्पा पुस्तकांना दिला तर कपबश्या रुसणार आहेत काय? बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते तेव्हाही त्या अपुऱ्या जागेत पुस्तकांना जागा होती, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते ग्रंथालयाचा विचार करूनच. आपल्या घरात त्यांची तसबीर असते. तिच्या मागे आपण काय ठेवतो ते एकदा काढून पाहावे. विजेची बिले, शिधापत्रिका, इंजेक्शनची चिठ्ठी, कोणाचा तरी पासपोर्ट फोटो! तसबीर पुढे झुकते ती त्या ओझ्याने.

आणि इथेच कागदांचा विषय येतो. याच्यासाठीच आम्ही लिहायला बसलो.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो, पण तेवढ्याने भागत नाही. राज्याचा कायदा 2001 पासून लागू झाला, त्यानुसार जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा आहे. म्हणून त्या तारखेपूर्वीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा विचारतात. मुलगी अठरा वर्षांची, पुरावा मात्र तिच्या आजोबा-पणजोबांचा. त्या आदेशात मुळात हिंदू धर्माची अट होती. बौद्धांचा समावेश 1990 च्या दुरुस्तीने झाला. पण 1950 पूर्वीच्या कागदावर 'बौद्ध' हा शब्द सापडणार कुठून? धर्मांतर 1956 चे. त्या कागदावर आपण टाकून दिलेले जुने जातीचे नावच असते.

आमच्या समाजात एक पिढी अशी होऊन गेली की तिला त्या नावाची चीड होती. रास्त चीड होती. त्या भरात काही घरांनी जुने दाखले चुलीत घातले. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी आम्हाला हे स्वतः सांगितले, आणि पुढे नातवासाठी तेच आजोबा शाळेच्या पायऱ्या चढले. नाव टाकले ते बरेच झाले, पण कागद टाकू नका. तो कागद तुमच्या अपमानाचा नाही, तुमच्या नातीच्या प्रवेशाचा आहे.

आमच्या घरचेच सांगतो. आमच्या आजोबांचा चौथीचा दाखला लोखंडी पेटीत होता. पेटी मातीच्या जमिनीवर, भिंतीला टेकून. पेटी लोखंडी आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तळ गंजून भोक पडले होते ते कोणी पाहिलेच नाही. पुतणीच्या पडताळणीसाठी पेटी उघडली तेव्हा आत वाळवीची माती होती आणि दाखल्याचा फक्त वरचा कोपरा. दुसऱ्यांना फायली लावायला शिकविणाऱ्या कारकुनाच्या घरी हे झाले. पुढे गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नोंद मिळाली म्हणून निभावले. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी आपल्या वऱ्हाडातील कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल तहसील कचेरीत मागावी. ही नक्कल गरज पडण्याआधीच काढून ठेवावी. जून महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. पेटी जमिनीवर नाही, कडप्प्याच्या वरच्या कप्प्यात. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे अतिवृष्टीने घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी खाटेखालचे काय उरते? पेटीत माणशी एक प्लास्टिकची पिशवी आणि 1950 पूर्वीच्या कागदांची एक वेगळी. कागदाला टाचणी नाही, ती गंजते. जुन्या कागदाला लॅमिनेशनही नाही. एकदा केलेले निघत नाही आणि मूळ शाई-शिक्का तपासताना अडचण होते. घडीवर कागद फाटतो, म्हणून पुठ्ठ्यामध्ये सपाट ठेवलेला बरा. पेटीच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या कापडात बांधून टाकल्या आहेत (त्या धान्याजवळ आणि लहान मुलांच्या हाताशी नकोत). मोबाइलवर फोटो काढून ठेवले आहेत, आणि 2015 पासून सरकारचे डिजिलॉकर आहे, त्यात मुलांनी काही कागद घातले आहेत. पण मोबाइल हरवतो, फुटतो. मूळ कागद तो मूळ कागद.

आणखी एक गोष्ट कचेरीतून घरी आणली. पेटीच्या झाकणाला दोऱ्याने एक चाळीस पानी वही बांधली आहे, आवक-जावकची. कोणी कागद बाहेर नेला की तारीख, कागदाचे नाव, कशासाठी, आणि परत आला की सही. सुरुवातीला घरचे हसले. आता आमच्या मातोश्री, ज्यांना सहीपुरतेच लिहिता येते, त्याही आधार कार्ड नेताना वहीवर सही करतात.

कामासाठी सहा-सहा महिने पुण्या-मुंबईला, सुरतेला जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी झेरॉक्स बरोबर न्याव्यात आणि मूळ पेटी बंद घरात न ठेवता गावातल्या भरवशाच्या नातेवाइकाच्या पक्क्या घरात, उंचावर ठेवावी. पेटी कुठे आहे आणि किल्ली कुठे आहे हे घरातल्या बाईला आणि मोठ्या मुलीलाही माहीत हवे. कर्ता पुरुष गेला आणि किल्लीसाठी घर धुंडाळावे लागले, असे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आमच्या घरी किल्ली पाण्याच्या घडवंचीमागे खिळ्याला असते. हे छापून आल्यावर ती दुसरीकडे हलवावी लागेल, असे आत्ताच घरातून बजावले गेले आहे.