धावा मोजताना माप कोणते?

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. रुपया तोच राहिला; पण जुन्या वहीतील पैसा आणि नव्या वहीतील पैसा एकाच रकान्यात मांडला असता, तर हिशेब खोटा ठरला असता. व्यापारी घराण्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. क्रिकेटच्या धावा मोजताना मात्र ही दक्षता सहसा विसरली जाते.

गडचिरोली-चंद्रपूरकडील ज्येष्ठ क्रिकेटप्रेमींना 31 ऑक्टोबर 1987 चा नागपूरचा विश्वचषक सामना स्मरत असेल. सुनील गावसकर यांनी न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधील त्यांचे ते एकमेव शतक. सचिन तेंडुलकर यांची अशी शतके 49. एवढ्यावरून निवाडा द्यावा काय?

गावसकर 108 एकदिवसीय सामने खेळले, तेंडुलकर 463. शिवाय 1992 च्या विश्वचषकात पहिल्या 15 षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचा नियम आला. 1994 पासून सलामीला येऊ लागलेल्या तेंडुलकरांनी त्या मोकळ्या सीमारेषेचे सोने केले. उलट, गावसकरांनी 34 कसोटी शतके केली त्या काळात उसळत्या चेंडूंवर आजच्यासारखी षटकागणिक मर्यादा नव्हती. ती 1991 मध्ये आली.

पुढची पिढी घेतली, तरी हाच प्रश्न उभा राहतो. विराट कोहली यांनी 15 नोव्हेंबर 2023 रोजी वानखेडेवर पन्नासावे शतक झळकावले, तेव्हा तो त्यांचा 279 वा डाव होता; तेंडुलकरांचे एकूण डाव 452. मात्र ऑक्टोबर 2011 पासून एका डावात दोन नवे चेंडू वापरले जाऊ लागले. चेंडू फारसा जुना न झाल्याने अखेरच्या षटकांतील रिव्हर्स स्विंग ओसरला. त्याचबरोबर दोन्ही टोकांकडून नवा चेंडू खेळणे सुरुवातीला अवघडही ठरले. बास्केटबॉलमध्येही विल्ट चेंबरलेन यांनी 1962 मध्ये एका सामन्यात 100 गुण केले. अमेरिकेच्या त्या लीगमध्ये तीन गुणांची फेक आली ती 1979 मध्ये.

अनेकान्ताची शिकवण येथे उपयोगी पडते. प्रत्येक आकडा एका नयाने सत्य असतो, संपूर्ण सत्य नसतो. खेळाडूला आधी त्याच्या समकालीनांच्या पंक्तीत तोलावे, हेच न्याय्य. पेढीवरही आजोबांच्या आणि नातवाच्या कमाईची तुलना निघते. त्या वेळीही दोघांना मिळालेला बाजार आणि दोघांवर असलेले नियम आधी मांडले, तर वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि तरुणांचे कर्तृत्वही झाकोळत नाही.