विसाला एक शिलिंग कमी

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १२ मे १८६९ रोजी मृत्युपत्र केले. त्यात एक विचित्र आकडा आहे. आपल्या निधनाच्या वेळी ज्यांची नोकरी किमान वर्षभराची झालेली असेल, अशा घरातल्या प्रत्येक गड्याला आणि मोलकरणीला १९ पौंड १९ शिलिंग द्यावेत.

वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे विसाला एक शिलिंग कमी! चिक्कूपणा वाटेल. पण तेव्हा इंग्लंडमध्ये मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेवर कर असे, आणि तो लागे २० पौंडांपासून पुढे. रक्ताचे नाते नसेल तर १० टक्के. पुरते २० पौंड ठेवले असते, तर त्यातले २ सरकारला द्यावे लागून हाती १८ उरले असते. शिलिंग राखला म्हणून सारी रक्कम नोकराच्या पदरात पडली.

थोरली मुलगी मेरी हिला १ हजार पौंड, शिवाय अविवाहित असेतो वर्षाला ३००. पत्नी कॅथरीन मात्र १८५८ पासून वेगळी राहत होती. दहा मुलांची आई. तिच्यासाठी ८ हजार पौंड गुंतवायचे, तिने हयातभर फक्त उत्पन्न घ्यायचे, मुद्दल मुलांचे. तिचीच धाकटी बहीण जॉर्जिना डिकन्सचे घर सांभाळी. तिला ८ हजार थेट, आणि वर तोंडभरून कौतुक. पत्नीबद्दल एवढीच नोंद, की विभक्त झाल्यापासून तिला वर्षाला ६०० पौंड मिळत आले आणि कुटुंबाचा मोठा खर्च आपण एकट्याने सोसला.

डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला. मृत्युपत्र जगजाहीर झाले. कॅथरीन त्यानंतर नऊ वर्षे जगली.