चिमटा जुना चालेल, सरळ केलेला नको

सायकलचा कुठला भाग मोडला तर काय होतं, याचा एकदा हिशेब मांडून पाहा. चेन तुटली तर आपण उतरून चालू लागतो. टायर फाटला तर सायकल डगमगते, पण पाय टेकायला वेळ मिळतो. पुढचा चिमटा मोडला तर मात्र तेवढीही सवड नाही. चाक निघून जातं आणि माणूस थेट तोंडावर आपटतो. म्हणून जुन्या बाजारातून घंटी घ्या, कॅरियर घ्या, सीट घ्या. फसलात तर चार पैसे जातील. चिमटा घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून घ्या.

मी बोलतोय ती आपली काळी, उंच, २८ इंची सायकल. दूधवाल्याची, पोस्टमनची, गिरणी कामगाराची. सोनिपतला अॅटलस १९५१ साली सुरू झाली, लुधियानात हीरो १९५६ साली. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. तरी अशा कितीतरी सायकली अजून जिन्याखाली, गोठ्यात उभ्या आहेत आणि बऱ्याच चालतातही. नवा चिमटा बरोबर मापाचा मिळत असेल तर तोच घ्यावा. मिळत नसेल तेव्हाच मोडीच्या दुकानाची पायरी चढावी, आणि तीही स्वतःचा जुना चिमटा सोबत घेऊन.

चिमट्याचे तीन भाग. खाली दोन पाय, त्यांना जोडणारा खांदा आणि खांद्यातून वर गेलेली नळी. या नळीला आपण मान म्हणू. ही मान फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येते आणि तिच्यात हँडलचा दांडा बसतो.

आधी तब्येत पाहायची, मग माप. चिमटा बाजूने डोळ्यासमोर धरा. मान आणि पायांचा वरचा सरळ भाग एका रेषेत हवा; पुढे वळण असतं ते फक्त खालच्या टोकाकडे. पाय खांद्यापासूनच मागे कलले असतील तर या चिमट्याने कुठेतरी धडक खाल्ली आहे. मग मानेच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून दोऱ्याने दोन्ही पायांच्या खाचांपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं हवं. खांद्याच्या खाली रंगाला सुरकुत्या किंवा बारीक तडे दिसले, तर लोखंडाने तिथे मार सोसलेला असतो. मान खांद्याला मिळते ती जागा चिंधीने पुसून नीट पाहा. तडा जायची सगळ्यात धोक्याची जागा तीच. आणि जुन्या चिमट्याला ताजा रंग दिसला तर आनंद मानू नका, रंगाखाली काय आहे ते विचारा.

दुकानदार म्हणेल, 'थोडा वाकलाय, पाइप घालून सरळ करून देतो.' तिथून उठावं. तार तोडायची असली की आपण ती इकडे वाकवतो, तिकडे वाकवतो आणि ती गरम होऊन तुटते. चिमट्याचं लोखंड तेच सोसतं. एकदा धडकेने वाकलं, दुसऱ्यांदा माणसाने उलटं वाकवलं. दिसायला सरळ झालं, पण आतून किती दमलं आहे हे डोळ्यांना कळत नाही. वर्षं झालेली चालतात. वाकवून सरळ केलेलं नको.

आता मापं. टायरवर २८ इंच लिहिलं असेल तर २८ इंचीच चिमटा लागतो. नाहीतर ब्रेकचे रबर रिमच्या जागी पोचत नाहीत. आपल्या गजाच्या ब्रेकला चिमट्यावर आधार लागतो, तो आहे का पाहा. चाकाचा हब दोन पायांच्या मध्ये बळजबरी न करता बसला पाहिजे. हल्लीच्या पुढच्या हबची रुंदी साधारण १०० मिलिमीटर असते, जुन्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींत त्याहून कमी. मानेची लांबी जुन्या मानेइतकी हवी. थोडी जास्त असली तर वॉशर घालता येतात. कमी असली तर वरच्या नटला पुरेसे आटे मिळत नाहीत. असा चिमटा परत ठेवून द्यावा.

आट्यांची गंमत वेगळीच. जाडी दोघांची एक इंच, दिसायला सारखे. पण इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या रॅलेच्या जुन्या सायकलींत इंचाला २६ आटे असत आणि इतर बहुतेक सायकलींत २४. म्हणून आपला नट खिशात न्या आणि नुसत्या बोटांनी फिरवून पाहा. पाना लावावा लागला की समजा, सोयरीक जुळली नाही. खांद्यावर बसणारी छर्ऱ्यांची खालची रिंगही तशीच तपासा. ती ठोकून घट्ट बसावी लागते. सैल बसली तर कितीही ग्रीस भरलं तरी हँडल खडखडणार.

शेवटचं माप म्हणजे टोकाचं वळण. मानेची रेषा खाली जमिनीपर्यंत नेली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या जरा पुढे पडते. त्यामुळे चाक मागून ओढल्यासारखं येतं आणि सायकल आपोआप सरळ जायला पाहते. वळण कमी झालं तर हँडल जड लागतं, जास्त झालं तर चंचल. दोन्ही चिमटे शेजारी ठेवले की फरक कळतो.

बसवताना जुने छर्रे मोजून ठेवा, झिजलेले असतील तर सगळेच बदला. ग्रीसमध्ये ते ओळीने बसवा; एखाद्या छर्ऱ्याची जागा मोकळी राहू द्या, दाटी करू नका. नट आवळल्यावर पुढचं चाक उचला. हँडल स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. टकटक झाली तर नट सैल आहे. हँडलचा दांडा मानेत इतका खोल जाऊ द्या, की त्याची फुगणारी पाचर आट्यांच्या भागाच्या खाली येईल. आट्यांपाशी नळी पातळ असते.

चाक एका बाजूला कललेलं दिसलं तर ते काढून उलटं बसवा. आता ते दुसऱ्या बाजूला कललं तर दोष चाकाचा. त्याच बाजूला राहिलं तर चिमट्याचा. आठवडाभर चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासा.

राहिला तुमचा जुना, वाकलेला चिमटा. तो तसाच मोडीत देऊ नका. कुणीतरी तो सरळ करील, वर काळा रंग मारील आणि एखाद्या शाळकरी पोराच्या सायकलला बसवील. लोखंड कापायच्या करवतीने आधी त्याचा एक पाय कापा आणि मग द्या. मोडीचे पैसे तेवढेच मिळतील.